मराठी वृत्तपत्रे आणि गरिबांचा प्रश्न (1876 ते 1979) : सोलापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा नांदणारे, नगरपरिषद असलेले छोटे गाव आहे. अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यातील अशा गावांची नावे वृत्तपत्रांत येतात ती बहुधा यात्रा, निवडणूक वा अपघात यांच्या निमित्ताने. तेथील भूमिहीन मजुराला मात्र बातमीत क्वचितच स्थान मिळते. या उपेक्षेला दीर्घ इतिहास आहे, तसाच तिच्याशी झगडणाऱ्या पत्रकारितेलाही आहे. गरिबांकडे पाहण्याची दृष्टी मराठी पत्रकारितेत कोणत्या टप्प्यांनी बदलत गेली आणि त्या बदलाला कोणत्या परिस्थितीने बळ दिले, याचा ऐतिहासिक पद्धतीने शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

1876-77 चा दुष्काळ : आकडा आणि माणूस

1876 मध्ये पाऊस गेला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सोलापूर हा त्याची सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. 1872 ची खानेसुमारी आणि 1881 ची खानेसुमारी यांच्या दरम्यान जिल्ह्याची लोकसंख्या लक्षणीय घटली. सरकारी दृष्टी मात्र काटकसरीची होती. मदत सढळ केली तर लोक आळशी होतील, म्हणून खरा गरजू ओळखण्यासाठी मजुरी कमी आणि काम कष्टाचे असावे, असा तिचा सिद्धांत होता. सर रिचर्ड टेंपल यांच्या नावाने ओळखली जाणारी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाची मजुरी याच विचारातून आली. जानेवारी 1877 मध्ये मजुरी घटताच मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली.

या वेळी 1870 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने आपले प्रतिनिधी दुष्काळी भागात धाडले आणि तेथून आलेले वृत्तांत सरकारपुढे ठेवले. हे काम रूढ अर्थाने पत्रकारितेचे नव्हते. परंतु प्रत्यक्ष पाहून, भाव आणि मजुरी मोजून, सरकारी विधानाला उत्तर देण्याची जी रीत पुढे पत्रकारितेने स्वीकारली, तिचा पाया येथे दिसतो. मजूर आळशी आहे की मजुरी अपुरी आहे, हा प्रश्न नीतीच्या चर्चेतून हिशेबाच्या कक्षेत आला. 1878 मध्ये लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशी पत्रांची टीका राज्यकर्त्यांना किती जाचत होती, याचे ते निदर्शक आहे.

दीनबंधू ते मूकनायक

दुष्काळ ऐन भरात असताना, 1 जानेवारी 1877 रोजी, कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. 1880 पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालविले आणि शेतकऱ्याबरोबर गिरणी कामगाराचाही प्रश्न त्यात आणला. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी 1910 मध्ये ‘दीनमित्र’ काढले व पुढे नेवासा तालुक्यातील तरवडी या खेड्यातून ते 1967 पर्यंत चालविले. शहरातून खेड्याकडे पाहण्याऐवजी खेड्यातून सावकारी, कुलकर्णी वतन आणि भटशाही यांकडे पाहणे, हे या पत्राचे वेगळेपण होय.

31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याच्या नावातच एक भूमिका आहे. दारिद्र्याला जातीचे अधिष्ठान आहे आणि ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांचे म्हणणे दुसऱ्याच्या पत्रातून पुरेसे मांडले जाणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. गरीब माणूस येथे दयेचा विषय न राहता वादी झाला.

सोलापूरचा कामगार आणि 1930

सोलापुरात पहिली कापडगिरणी 1877 मध्येच सुरू झाली. दुष्काळाने शेतीतून उखडलेल्या माणसाला गिरणी हा एक आसरा झाला. या कामगारवस्तीत कुर्बान हुसेन हे कामगार कार्यकर्ते ‘गझनफर’ हे पत्र चालवीत. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकृष्ण सारडा यांच्यासह त्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. ‘गझनफर’ची आठवण चार हुतात्म्यांच्या स्मृतीत विरून गेली, सोलापूरच्या पत्रकारितेच्या इतिहासात तिला स्वतंत्र जागा मिळणे उचित ठरेल.

1972 : दुष्काळ आणि अत्याचार

स्वातंत्र्योत्तर काळात श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’ साप्ताहिकाने वार्ताहराला प्रत्यक्ष जागेवर पाठविण्याची परंपरा जोपासली. अनिल अवचट यांच्या ‘पूर्णिया’ (1969) या बिहारमधील दारिद्र्याचे चित्रण करणाऱ्या पुस्तकापासून मराठीत शोधलेखनाचा नवा प्रवाह सुरू झाला. अवचटांनीच संपादित केलेल्या ‘साधना’च्या 15 ऑगस्ट 1972 च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथील दलित स्त्रियांची विटंबना आणि राष्ट्रध्वजाचा अवमान यांना कायद्याने लावलेल्या मोलाची तुलना त्यात होती. लेखाच्या भाषेवर वादळ उठले. मूळ अन्यायापेक्षा लेखकाच्या शब्दांचीच चर्चा अधिक झाली, ही बाबही समाजाच्या दृष्टीविषयी बरेच सांगून जाते.

त्याच वर्षीच्या दुष्काळात, 1973 च्या उन्हाळ्यापर्यंत, राज्यातील मदतकामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. 1877 मध्ये काम ही गरजूपणाची कसोटी होती. शंभर वर्षांनी काम हा हक्क झाला. या स्थित्यंतराचे श्रेय केवळ वृत्तपत्रांना देता येणार नाही. त्यामागे चळवळी होत्या, राजकीय इच्छाशक्तीही होती. परंतु गरिबाचा आळस हे दारिद्र्याचे कारण नव्हे, हे वारंवार पुराव्यानिशी मांडण्याचे काम या लेखनाने केले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, समाजाची दृष्टी बदलण्यास केवळ करुणा पुरेशी ठरली नाही. मोजलेली मजुरी, पाहिलेले गाव आणि अन्यायग्रस्ताची स्वतःची साक्ष यांनी ती बदलली. दुसरी, अशा लेखनामागे स्वतंत्र आधार होता. ‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांचे अर्थसाहाय्य लाभले, तर ‘साधना’मागे ध्येयवादी वाचकवर्ग उभा होता. तालुक्याच्या बातमीदाराला बहुधा असा आधार नसतो. बातमीबरोबर जाहिरातीही त्यालाच मिळवाव्या लागतात, आणि ज्यांच्याकडून त्या मिळवायच्या त्यांच्याविरुद्ध लिहिणे त्याला परवडत नाही. त्यामुळे मैंदर्गीसारख्या गावातील मजुराचे म्हणणे, मग ते मराठीत असो वा कन्नडमध्ये, छापले जाण्यासाठी बातमीदाराच्या संवेदनशीलतेइतकीच त्याच्या उपजीविकेच्या स्वातंत्र्याची गरज आहे. स्थानिक पत्रांच्या जुन्या फायली मिळवून त्यांचे जतन करणे आणि त्यांत गरीब कोठे बोलतो व कोठे गप्प असतो, हे तपासणे, हे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे कार्य आहे.