केतुब्यातील ‘पुढे मिळवीन ते’

विवाहप्रसंगी केतुबा वाचला जात असता आपले लक्ष बहुधा वधूवरांकडे असते. अरामी शब्द कानांवरून जातात, इतकेच. परंतु त्या परंपरागत मजकुरातील एक कलम मोठे अर्थपूर्ण आहे. केतुब्याच्या रकमेस आपली सर्व मिळकत तारण आहे, असे वर लिहून देतो; आज असलेली व पुढे मिळवील तीही, स्थावर आणि जंगम, फार काय, खांद्यावरचा झगासुद्धा!

पूर्वी असे नव्हते. तालमूदात वर्णन आहे की, एके काळी ही रक्कम वधूच्या पित्याकडे ठेवीत; पती रागावला की तिला तिकडे धाडून मोकळा होई. मग ती सासरी ठेवू लागले. श्रीमंत तिची सोन्यारुप्याची पात्रे करीत, तरी पत्नीच्या हाती ते देऊन तिला घालवून देणे सोपेच राहिले. अखेर इ. स. पूर्व पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह यांनी पतीची सर्व मिळकतच तारण ठरविली. शेतवाडी विकावी लागेल हे कळले म्हणजे रागाच्या भरात सुटणारी जीभ आवरते.

पण लग्नाच्या दिवशी ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याचे काय? अस्तित्वात नसलेली वस्तू देता येत नाही, असे बहुसंख्य हाखामांचे मत. मग न घेतलेली जमीन तारण कशी? साध्या कर्जाच्या बाबतीत नेहर्देआचे शमुवेल (मृत्यू इ. स. 254) यांनी हाच प्रश्न विचारला: ऋणकोने तसे लिहून दिले, नंतर जमीन घेतली आणि विकली, तर धनकोने ती खरेदीदाराकडून घ्यावी काय? निर्णय झाला, घ्यावी. मात्र दस्तऐवजात ‘पुढे मिळवीन ते’ हे शब्द हवेत. योसेफ कारो यांच्या शुल्हान आरूखातही (1565) हाच नियम आहे.

आणि दोन धनकोंना निरनिराळ्या दिवशी तसे लिहून दिले असेल तर? रब आशी (मृत्यू 427) यांनी प्रथम पहिल्याचा हक्क मानला. पुढे पुन्हा शिकविताना दोघांनी वाटून घ्यावे असे सांगितले, व तेच कायम झाले. मला हेच पटते. जमीन हाती येताच दोन्ही तारणे एकदम जन्मतात. त्यांत थोरले-धाकटे कोण?

मुंबईस वा कोकणात लग्न करून अनेक जोडपी रिकाम्या हातांनी इस्राएलात आली. केतुब्यात हे शब्द असतील, तर दिमोना वा अश्दोदला मागाहून घेतलेले घरही त्यांत येते. दांपत्याच्या संपत्तीविषयी येथे 1973 चा निराळा कायदा आहे, हे खरे. तरी घरी आजीचा केतुबा पेटीत असेल, तर ते शब्द त्यात अवश्य शोधावेत.