एका टॅबची गोष्ट

लिनक्स कर्नल सोर्सपासून कंपाईल करायचं तर आजही कमांड तीच, 'मेक'. कोट्यवधी ओळींचा कोड, पण एखादी फाईल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं तेवढंच पुन्हा कंपाईल होतं.

ही करामत १९७६ सालची, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनची. झालं असं, की त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन एकदा जाम वैतागून त्याच्याकडे आला. बग आधीच दुरुस्त केला होता, पण फाईल पुन्हा कंपाईलच झाली नव्हती. अख्खी सकाळ बरोबर कोडमधली चूक शोधण्यात गेली! मग फेल्डमनने मेक लिहिलं: फाईलींच्या वेळा ताडून बघायच्या, सोर्स नवीन असेल तरच कंपाईल करायचं.

आणि मेकफाईलमधला तो छळवादी टॅब? तेव्हा लेक्स हे टूल अगदी नवं होतं. त्यात गुंता झाल्यावर त्याने 'नवी ओळ, मग टॅब' असा सोपा नियम ठेवला. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरायला लागले, बरेचसे मित्रच. त्यांचं काम अडू नये म्हणून टॅब तसाच राहिला. फक्त डझनभर!

२००३ साली मेकसाठी त्याला एसीएमचा पुरस्कार मिळाला. टॅबऐवजी स्पेस पडल्या की बिल्ड मात्र अजूनही अडतो.

तेव्हा मंडळी, 'आत्ता चारच जण वापरतायत, नंतर बदलू' असं म्हणण्याआधी जरा थांबा. बदलायचं ते चार जण असतानाच.