पाठीला चेन असलेलं भूत

कराचीत रेडिओ विकणाऱ्या एका दुकानदाराचं आडनाव रामसिंघानी होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेला ते वळेना, म्हणून त्याचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर हे एफ. यू. रामसे मुंबईला आले आणि पुढे सिनेमाच्या नादाला लागले. हिंदी भयपटांच्या घराण्याची सुरुवात रेडिओच्या दुकानातून झाली, हे आकाशवाणीवरून सांगताना मला गंमत वाटते.

१९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आला आणि पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, असा एक प्रसंग होता. तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक रंगून जातात, हे रामसेंच्या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. मग संपूर्ण सिनेमाच तसा का करू नये? १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ असा जन्मला. सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं आणि चाळीसेक दिवसांत चित्रीकरण उरकून आलं. सात भावांनी कामं वाटून घेतली होती. कुमार लिहीत, गंगू कॅमेरा धरत, किरण आवाज सांभाळत, अर्जुन संकलन करत, केशू निर्मिती बघत आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करत. मोठा नट नाही, सेट नाही. एक जुना वाडा, धूर आणि रबरी मुखवटा एवढंच भांडवल.

जगात हे नवं नव्हतं. अमेरिकेत रॉजर कॉर्मनने माणसं खाणाऱ्या झाडाचा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हा १९६० चा सिनेमा मुख्यतः दोन दिवसांत चित्रित केला होता. आपल्याकडेही १९६७ साली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षं आधीच, ‘चांद पर चढाई’मध्ये दारासिंग तिथे पोहोचले होते. पण हा धंदा घरच्या शेतीसारखा वर्षानुवर्षं कसला, तो रामसेंनी. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने तर मोठमोठ्या नटांच्या सिनेमांना मागे टाकलं.

हे सिनेमे चालले ते मुख्यतः आपल्यासारख्या गावांच्या जोरावर. वितरकांच्या भाषेत आपण ‘बी’ आणि ‘सी’ सेंटर. इंग्रजांच्या वेळचा मध्यप्रांत-वऱ्हाड हा सुभा १९५० मध्ये नकाशावरून गेला, पण सिनेमाच्या धंद्यात ‘सीपी-बेरार’ हे नाव टिकून राहिलं आणि अमरावती हे त्याचं मोठं ठाणं होतं. १९८२ च्या एशियाडच्या वर्षी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि मोर्शीत आम्हा पोरांना टॉकीजची वाट बघण्याचीही गरज उरली नाही. वर्गणी काढायची, एका रात्रीसाठी मशीन आणि तीन कॅसेटा भाड्याने आणायच्या, कुणाच्या तरी अंगणात सतरंजी टाकायची. दिवाळीच्या सुट्टीत आंबिया बहाराची संत्री असायचीच.

नेमकं भूत दाराशी आलं की लाइन जायची. अंधारात कुणीतरी किंचाळायचं आणि मग हसण्याचा गलका. एका रात्री पडद्यावरचा राक्षस पाठमोरा झाला आणि एक जण ओरडला, “अबे, थ्या भुताच्या पाठीले चेन दिसून रायली ना बे!” मग कॅसेट मागे नेऊन ती चेन आम्ही तीनदा पाहिली. तरी घरी जाताना निंबाच्या झाडापाशी पाय अडखळायचे. “थांब, मी येतो संग,” असं म्हणणारा कुणी ना कुणी असे.

आमच्यातल्या एकाच्या बहिणीला झटके येत. ‘बाहेरचं आहे’ म्हणून दर अमावस्येला घरी मांत्रिक यायचा. चेन दिसली त्या रात्री परतताना तो मित्र हळूच म्हणाला, “मंग आमच्या घरी येते थो बुवाबी असाच मुखवटा घालते का?” कुणी हसलं नाही. पुढे त्या मुलीला अमरावतीला डॉक्टरांकडे नेलं, ते तिच्या वडिलांनी. त्याचं श्रेय मी सिनेमाला देणार नाही. त्या सिनेमांत डॉक्टर हतबल असतो आणि शेवटी त्रिशूळच कामी येतो. अंधश्रद्धेला खतपाणी घातल्याचा त्यांच्यावरचा आरोप खोटा नाही.

पण सिनेमा काय सांगतो आणि चार मित्र मिळून त्यात काय बघतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात उत्तरं देण्यापेक्षा समोरच्या गर्दीलाच प्रश्न विचारत. गर्दीत बसलेल्या माणसाला हसत हसत शंका घेता येते. घरात एकट्याला ती घेणं जड जातं. आमच्या सतरंजीवर नकळत तेच घडत होतं. मुखवटा महागडा आणि बेमालूम असता, तर तो प्रश्न सुचलाही नसता.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये आणि गंगू २०२४ मध्ये. त्यांचे सिनेमे आता मोबाइलवर सापडतात. माझा नातू ते कानात यंत्र घालून एकटाच बघतो. परवा मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, जरा मागे ने रे, भूत पाठमोरं होतं तिथपर्यंत.