बोलता येतं, मत देता येत नाही : गोखले, मीठ आणि सरकारी कर्ज



सरकारी कर्ज आणि अर्थसंकल्पाचं धोरण या विषयावरच्या एका राष्ट्रीय परिषदेला मी नुकताच जाऊन आलो. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस तिथे काय करणार, असं घरच्यांनीही विचारलं. मी दोन दिवस मागच्या रांगेत बसून ऐकलं. कर्जाचं राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण किती असावं, तूट किती टक्क्यांवर रोखावी, यावर भरपूर चर्चा झाली. माझा प्रश्न त्याहून साधा होता : कर्ज काढायचं कुणी ठरवलं आणि फेडतंय कोण? तो काही तिथे निघाला नाही.

परतताना भाईंदरला उतरून तारोडीची बस धरली. आमचा हा मुलूख मिठागरांचा. मिठावरून गोपाळ कृष्ण गोखले आठवले, आणि माझा प्रश्न त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता हेही आठवलं.

आधी कर्जाची गोष्ट. आपल्या परंपरेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो : देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. या तिन्हींत निदान आपल्याला काहीतरी मिळालेलं असतं. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कर्जाचं तसं नव्हतं. १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद झाला, पण तिच्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहिला, तोही हिंदुस्थानच्या महसुलातून. १८७४ मध्ये शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड देऊन हा हिशेब मिटवला. ६० लाख पौंडांच्या भांडवलापोटी १ कोटी २० लाख पौंड गेले, आणि तेही आपल्याच खात्यावर. १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्चसुद्धा हिंदुस्थानच्याच कर्जात जमा झाला. म्हणजे आपल्याला जिंकल्याची आणि जिंकून ठेवल्याची किंमत आपणच हप्त्याहप्त्याने फेडत होतो.

हे विलायतेत जाऊन मांडायची संधी १८९७ मध्ये आली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी साक्ष दिली. वयाची एकतीस वर्षंही पुरी झाली नव्हती. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. तयारी करून घेतली होती न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी. दादाभाई नौरोजी तर आयोगाचे सभासदच होते. गोखल्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की जो कर भरतो त्याचा खर्चावर ताबा नाही आणि ज्याचा ताबा आहे त्याला भरावं लागत नाही. उधळपट्टीचं मूळ त्यांनी इथे शोधलं.

आता या २६ मार्च १९०२ ला. स्थळ कलकत्ता, व्हाइसरॉयचं विधिमंडळ, अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. सरकारकडे मोठी शिल्लक पडली होती, म्हणून अभिनंदनं चालली होती. गोखले उठले आणि म्हणाले, या अभिनंदनात मला सामील होता येत नाही.

का येत नाही? इथे जरा हिशेब समजून घेऊ. कर्जावरचं व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, लंडनच्या कचेरीचा खर्च, हे सगळं पौंडांत द्यावं लागे. चांदी उतरली आणि रुपया घसरला. १८७० च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९४-९५ पर्यंत एक शिलिंग एक पेनीच्या आसपास आला. तेवढेच पौंड द्यायला जास्त रुपये लागू लागले, म्हणून कर वाढले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खुल्या चांदीला बंद झाल्या, आणि रुपया सावरून एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. अडचण टळली, पण कर तसेच राहिले. मधल्या काळात दोन भीषण दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. म्हणून गोखल्यांना ही शिल्लक कारभाराच्या शहाणपणाची खूण वाटली नाही. लोक उपाशी असताना गरजेपेक्षा जास्त वसूल केल्याचा तो पुरावा होता.

आणि मीठ ते समुद्राचं! आमच्या खाडीकाठी ऊन आणि भरतीचं पाणी यांनी पिकणारं. श्रीमंत माणूस गरिबापेक्षा दहापट मीठ काही खात नाही, त्यामुळे या कराचं ओझं खालच्या पानातच जास्त पडतं.

एवढं बोलून हाती काय होतं? १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलायची मुभा दिली होती, मत द्यायची नाही. तरी १९०३ मध्ये मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला, १९०५ मध्ये आणखी आठ आणे, १९०७ मध्ये मणाला एक रुपया राहिला. एकट्या गोखल्यांमुळे उतरला असं मी म्हणणार नाही. पण आकडे लावून, आवाज न चढवता, दरवर्षी तेच तेच मागणारा माणूस सभागृहात होता, हे कमी नाही.

मग आज काय? आज आपण मत देतो. तरी राज्यघटनेचं कलम ११२ उघडून बघा. सरकारी कर्जावरचं व्याज हा संचित निधीवर ‘भारित’ खर्च आहे, आणि कलम ११३ सांगतं की भारित खर्च मतदानाला टाकायचा नाही, त्यावर चर्चा करता येईल. राज्यांसाठीही तशीच तरतूद आहे. ती योग्यच आहे. दिलेला शब्द दरवर्षी मताला टाकला तर उसनं कोण देईल? पण अर्थ नीट लक्षात घ्या. केंद्राच्या अर्थसंकल्पातल्या सर्वांत मोठ्या बाबींपैकी एका बाबीवर आपले प्रतिनिधी आजही १९०२ च्या गोखल्यांइतकंच करू शकतात : बोलू शकतात.

म्हणून मत द्यायची वेळ एकच, कर्ज काढण्याआधीची. कलम २९२ संसदेला केंद्राच्या कर्जाची मर्यादा कायद्याने ठरवायचा अधिकार देतं. पैसा कशासाठी, त्यातून उभं काय राहणार, आणि फेडताना कुणाच्या मिठाला हात लागणार, हे तेव्हाच विचारलं पाहिजे. आपली नातवंडं त्या चर्चेला हजर नसतात. कर्ज मात्र त्यांच्या नावावर चढतं. त्यांच्या वतीने कुणीतरी उठायला हवं.

परिषदेत मी हे बोललो नाही, संकोच वाटला. इथे बोललो. आता तुमचे प्रश्न घेऊ.