पुसलेल्या रंगांची साक्ष

ताम्रपटावरील एखादें अक्षर झिजलें, तर तें कोणतें असावें यावर आमचे संशोधक वर्षानुवर्षें वाद घालतात. चित्रपटाच्या फितीवरील उडालेल्या रंगाविषयीं असा वाद क्वचितच होतो. वस्तुतः तोहि इतिहासाचाच प्रश्न आहे.

घरचेंच उदाहरण घेऊं. बाबूराव पेंटर यांनीं १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांच्या तालमींत वाढलेल्या मंडळींनीं पुढें 'प्रभात' कंपनी स्थापिली आणि १९३३ सालीं तेंच कथानक रंगांत उतरविण्याचें धाडस केलें. दिग्दर्शक व्ही. शांताराम. रंगीत प्रतींसाठीं जर्मनीची वाट धरावी लागली. परंतु हातीं आलेले रंग मनाजोगे उतरले नाहींत. चित्रकाराच्या शिष्यांना रंगानेंच दगा द्यावा, हें दैवदुर्विलसितच! देशांत तयार झालेल्या पहिल्या रंगीत बोलपटाचा मान १९३७ च्या 'किसान कन्या'कडे गेला. त्या काळच्या द्विरंगी पद्धतींत दोनच रंगांवर सारी सृष्टि उभी करावयाची असे. आकाश साधावें तर शेत बिघडे. आमच्या गोंदियाकडील कोणाहि धानकऱ्यानें पडद्यावरील तो हिरवा पाहून मान हलविली असती.

१९५० नंतर एकाच फितीवर तीन रंगांचे थर देणारी ईस्टमन पद्धति आली. ती स्वस्त व सोयीची ठरली. मात्र तिचे रंग टिकाऊ नव्हते. निळसर थर आधीं विरे आणि प्रत तांबूस होई. शिवाय सगळ्या रिळांचें वार्धक्य सारखें नसतें. एखादें रीळ दमट कपाटांत राहिलेलें, एखाद्या तुकड्याच्या जागीं दुय्यम प्रतीचा तुकडा जोडलेला. मग एकाच प्रसंगांत नायकाचें धोतर एका दृश्यांत पांढरें, तर पुढच्यांत गुलाबी दिसतें. रंग जुळविणारा कारागीर प्रथम चेहरा आणि पांढरें वस्त्र पाहतो, कारण तेथें डोळा सहसा फसत नाहीं. त्या आधारानें लाल, हिरवा व निळा यांचें प्रमाण तो दृश्यागणिक बदलतो. पूर्वी हें काम प्रत छापण्याच्या दिव्यांनीं होई, आज संगणकानें होतें.

खरी अडचण येथून पुढें आहे. विसंगति काळानें केली कीं कलावंतानें? ढग आल्यामुळें काळवंडलेलें दृश्य सर्वांसारखें उजळ केलें, तर त्या दिवसाचा ढगच आपण पुसून टाकला. माझें स्पष्ट मत असें, कीं काळाचें किटण काढावें. छायालेखकाच्या अडचणीच्या खुणा राहूं द्याव्यात. १९६० चा 'मुगल-ए-आझम' बहुतांशीं कृष्णधवल होता, कांहीं भाग तेवढा रंगीत. २००४ सालीं तो सबंध रंगविण्यांत आला. प्रेक्षकांनीं गर्दी केली हें खरें, परंतु दिग्दर्शक के. आसिफ १९७१ सालींच निवर्तले होते, विचारणार कोणाला?

'मंथन' या १९७६ च्या चित्रपटाचें दैव बरें. त्याच्या पटकथेंत विजय तेंडुलकरांचा हात होता आणि त्यांत आपली स्मिता पाटील होती. २०२४ सालीं फिल्म हेरिटेज फाउंडेशननें त्याचा जीर्णोद्धार केला, तेव्हां श्याम बेनेगल व छायालेखक गोविंद निहलानी दोघेहि सल्ल्यास हजर होते. मे महिन्यांत ती प्रत कान येथें दाखविण्यांत आली. डिसेंबरांत बेनेगल गेले. जीर्णोद्धार वर्षभर लांबला असता, तर एक साक्षीदार कमी झाला असता.

पुण्यांतील भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध करतांना स्वीकारलेल्या पाठाखालीं इतर पाठभेद छापले. चित्रपटाच्या संपादकांनींहि हीच शिस्त पाळावी: हात न लावलेली प्रत जपून ठेवावी आणि कोणत्या दृश्याचा रंग कोणाच्या सांगण्यावरून किती बदलला, याची नोंद तिच्यासोबत द्यावी. कीचकवधाच्या श्लोकांना मिळालेला हा न्याय 'सैरंध्री'च्या वंशजांना नाकारण्याचें कारण मला तरी दिसत नाहीं.