बाजारपेठेच्या कोपऱ्यावरचे दुकान

देशावरच्या कुठल्याही जुन्या बाजाराच्या गावात पेठेच्या नाक्यावर एखादे फळ्यांचे दुकान अजून उभे दिसते. कोपऱ्याच्या जागेला मोल असे, कारण दोन रस्त्यांची गिऱ्हाइके एकाच ओट्यापाशी येत. जोते कमरेइतके उंच, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही आणि गाडीतली पोती थेट ओट्यावर उतरवता येतात. पुढे गादी, तक्क्या, गल्ला. मागे काळोखी कोठी, वर माडीवर मालकाचा संसार.

दर्शनी भागाला भिंत नसेच. उंबरठ्यात आणि वरच्या तुळईत खाच पाडलेली, तिच्यात रात्री एकेक फळी सरकवायची. जागा चुकू नये म्हणून फळ्यांवर आकडे घातलेले. शेवटच्या फळीवर लोखंडी पट्टी आडवी टाकून कुलूप लावले, की दुकान बंद. सकाळी याच फळ्या निघाल्या की सारा माल रस्त्यावरून दिसे.

धान्य वजनाने नव्हे, मापाने दिले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पहिले माप ओतताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, तीन.

पण दुकानाचा खरा कारभार मागच्या खोलीत चाले. तिथे खतावणी आणि कर्जरोखे असत. वाणी हाच बहुधा सावकार. बियाणे, मीठ, लग्नाचे कापड, सरकारी साऱ्याचे पैसे, सगळे एकाच ओट्यावरून उधार मिळे.

अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 पासून तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, उधारी आटली. त्याच सुमारास सारावाढही झाली. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याची भर होती. रोखा तीनच वर्षे चालेल, ही तरतूद खरे तर कुणब्याचे व्याज साचू नये म्हणून होती. सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायला सुरुवात केली आणि थकलेले व्याज मुद्दलात जाऊन बसले. वाचता न येणाऱ्या माणसाने त्यावर अंगठा उठवायचा. हा अन्याय अवजड कागदी भाषेत झाला, म्हणूनच तो इतका काळ चालला.

12 मे 1875, सुप्याच्या आठवडी बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्यातले हे मोठे बाजाराचे गाव, गुजर आणि मारवाडी दुकानदारांची वस्ती असलेले. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी पेठेत जमले आणि दुकानांवर तुटून पडले. वह्या आणि रोखे मागून घेतले, जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली. उद्रेक पुढे नगर जिल्ह्यात पसरला आणि तीसहून अधिक गावे त्यात सापडली. बहुतेक ठिकाणी रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्याच्या कागदांवर होता. म्हणून फळ्यांमागची ती खोली समजल्याशिवाय हा दंगा समजत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले, गावच्या निबंधकापुढे रोख्याची नोंदणी सक्तीची झाली. सावकारी मात्र संपली नाही.

दुकानाचे रूप बदलले ते बऱ्याच उशिरा. 1957 मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आला आणि शेर-पायली मागे पडली. मग फळ्यांच्या जागी लोखंडी शटर बसू लागले. आता रस्तारुंदीत पहिला घाव ओट्यावर बसतो, आणि ओटा गेला की जोत्याची उंची निरर्थक होते. वाडे, वेशी, बारवा यांच्या नोंदी होतात. पेठेतल्या दुकानांकडे अभ्यासक क्वचितच वळतात. निदान पाडण्याआधी प्रत्येकाचे मोजमाप घ्यावे, खाचेची खोली, फळ्यांचे आकडे आणि कोठीचे दार कुठे उघडते हे लिहून ठेवावे. सुप्यासारख्या गावांत हे काम स्थानिक शाळा-महाविद्यालयांना सहज करता येईल.