दारातले वचन, अंगणातली साक्ष

गेल्या वर्षी आगमनकाळाच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क दाम्पत्य आम्हांस भेटावयास आले. येत्या जानेवारीत त्यांच्या विवाहास चाळीस वर्षे पूर्ण होणार होती. त्यांची मागणी साधी होती. विवाहाच्या दिवशी दिलेले वचन त्यांना पुन्हा एकदा उच्चारावयाचे होते. मात्र चर्चमध्ये नव्हे, तर आपल्या घराच्या अंगणात, विहिरीशेजारच्या क्रूसासमोर, जिथे त्यांच्या लग्नाचा मांडव पडला होता तिथे.

आम्ही नकार दिला. विवाह हा पवित्र संस्कार आहे, त्याचे स्थान वेदीसमोर आहे, अंगणात संस्कारांचे प्रदर्शन नको, असे काहीसे आम्ही ठामपणे बोलून गेलो. सिनेमात समुद्रकिनाऱ्यावर फुलांच्या कमानीखाली होणारे सोहळे आमच्या डोळ्यांसमोर होते. ती माउली शांतपणे ऐकत होती. उठता उठता ती म्हणाली, "फादर, वचन मी चर्चमध्ये दिलं, पण पाळलं ते त्या अंगणात. हे बावीस वर्षं आखातात होते. सासूचं दुखणंखुपणं, पोरांच्या शाळा, वाडीचं पाणी, सगळं तिथंच झालं. आणि लग्नाच्या दिवशी मी काय बोलले ते भीतीनं माझं मलाच ऐकू आलं नव्हतं."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमच्या नकारामागे ख्रिस्तसभेची परंपरा आहे, असे आम्ही गृहीत धरले होते. ती परंपरा नेमकी काय सांगते, हे पाहण्यासाठी आम्ही सेमिनरीतील जुनी टिपणे आणि इतिहासाचे ग्रंथ पुन्हा उघडले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती माणसे आपापल्या समाजाच्या रीतीप्रमाणेच विवाह करीत. विवाह घरात होई, कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या देखत होई. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचे बिशप संत इग्नाती यांनी संत पॉलिकार्पला लिहिलेल्या पत्रात, विवाह बिशपच्या संमतीने व्हावा असे सुचविले आहे. परंतु त्यासाठी विशिष्ट विधी वा विशिष्ट जागा त्यांनी नेमून दिलेली नाही. इ. स. ८६६ मध्ये पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियाच्या नवख्रिस्ती लोकांच्या प्रश्नांना उत्तरे पाठविली. त्यांत रोममधील रिवाजाचे वर्णन आहे: वाङ्निश्चय, अंगठी, हुंड्याचा लेख, चर्चमधील आशीर्वाद, वधूवरांवरचे आच्छादन आणि मस्तकी मुकुट. इतके सांगून पोप महोदय पुढे स्पष्ट करतात की, यांपैकी काही न केल्याने पाप घडत नाही, कारण गरिबांना हा खर्च झेपत नाही. विवाहाला दोघांची संमती पुरेशी आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्रात गरिबाच्या खिशाची आठवण ठेवलेली पाहून आम्हांस फार बरे वाटले.

बाराव्या शतकापासून उत्तर फ्रान्स आणि इंग्लंड येथील विधिग्रंथांत एक दृश्य पुन्हा पुन्हा येते. वधूवर चर्चच्या आत नव्हे, तर दाराबाहेर उभे आहेत. धर्मगुरू त्यांना भेटावयास बाहेर येतो. तेथेच, उघड्यावर, गावासमक्ष दोघांची संमती विचारली जाते. पती निवर्तल्यास पत्नीला जमिनीचा कोणता वाटा मिळेल, हेही तेथेच जाहीर होते. अंगठी तेथेच घातली जाते. एवढे झाल्यावर सर्वजण मिस्सासाठी आत जातात. सॅलिस्बरीच्या प्रसिद्ध विधीत तर सारी उपासना लॅटिन भाषेत असताना वधूवरांचे वचन मात्र त्यांच्या स्वतःच्या इंग्रजी बोलीत होते. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने आपल्या एका कथेतील स्त्रीला पाच वेळा चर्चच्या दारात उभे केले आहे. दार म्हणताच वाचकांना विवाह कळत असे, इतका तो रिवाज सर्वांच्या परिचयाचा होता.

दारच का? कारण वचनाला कान हवेत. दार हे गावाचे ठिकाण होते. तेथे दिलेला शब्द शेजाऱ्याने ऐकला, सोयऱ्याने ऐकला, आणि उद्या कोणी शब्द फिरवू पाहिला तर बोलावयास माणसे होती.

या साक्षीची गरज किती खरी होती हे त्याच काळाच्या दुसऱ्या बाजूवरून कळते. पोप तिसरे अलेक्झांडर (११५९ ते ११८१) यांच्या निर्णयांनी हे तत्त्व पक्के झाले की, स्त्रीपुरुषांनी "मी तुला आता स्वीकारतो" अशा वर्तमानकाळातील शब्दांत मोकळेपणाने संमती दिली की विवाह झाला. तत्त्व थोर होते. त्याने मुलीच्या संमतीला बापाच्या हुकमापेक्षा वरचे स्थान दिले. परंतु हेच शब्द बंद खोलीत, साक्षीदाराविना उच्चारले गेले तर? उद्या पुरुष म्हणे, मी असे बोललोच नाही. मग ती स्त्री देवासमोर पत्नी आणि जगासमोर कोणीच नाही, अशा अवस्थेत राही. चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ साली विवाहाच्या जाहीर सूचना आधी देण्याचा नियम सर्व ख्रिस्तसभेसाठी केला, तो याच दुःखावर उपाय म्हणून. तरीही गुप्त विवाह थांबले नाहीत. अखेर ट्रेंट विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ठरविले की, यापुढे धर्मग्रामाचा धर्मगुरू किंवा त्याने वा बिशपने अधिकार दिलेला दुसरा धर्मगुरू आणि दोन वा तीन साक्षीदार यांच्या उपस्थितीखेरीज विवाह वैध होणार नाही. धर्मगुरूने विवाहाची नोंदवही ठेवावी, हेही त्याच ठरावात आहे. आमच्या कपाटातील जाडजूड वह्यांचे मूळ तेथे आहे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने विवाह चर्चमध्येच होणे उचित असल्याचे सांगितले, आणि दारातले वधूवर हळूहळू वेदीपाशी आले.

म्हणजे विवाह आत आला तो उघड्या आकाशाखाली काही अशुद्ध होते म्हणून नव्हे. अंधारात दिलेल्या शब्दाला साक्षीच्या उजेडात आणण्याची ती धडपड होती. जागा बदलली, हेतू तोच राहिला. आम्ही जागेला परंपरा समजून बसलो होतो. खरी परंपरा साक्षीची होती.

आपल्या भूमीत या इतिहासाला आणखी एक वळण आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नांतील कितीतरी देशी रिवाजांवर बंदी घातली. हळद लावणे, विडा व फुले पाठविणे, लग्नात ओव्या गाणे हे सारे त्या बंदीत सापडले. लग्नाचा जो भाग घरात आणि अंगणात होई, त्यावरच हा घाव होता. आणि नवल असे की, ज्या ट्रेंट परिषदेने विवाह चर्चच्या नियमात बांधला, त्याच परिषदेने त्याच ठरावात निरनिराळ्या प्रांतांतील विवाहाचे स्तुत्य रिवाज अवश्य टिकवावेत, अशी तीव्र इच्छा व्यक्त केली होती. हे वाक्य दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेवरील आपल्या दस्तऐवजात पुन्हा नोंदविले. लोकांनी मात्र परिषदांची वाट पाहिली नव्हती. उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांनी उंबराचे पाणी वाजतगाजत आणण्याचा विधी जपला; मांडव जपला; बायाबापड्यांनी गाणी जपली. चर्चमधील संस्कार आणि अंगणातील मांडव ही एकाच लग्नाची दोन अंगे आहेत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आता मुख्य प्रश्न. दिलेले वचन पुन्हा देता येते काय?

येथे शब्द जपून वापरले पाहिजेत. विवाह संमतीने घडतो, आणि ती संमती मागे घेता येत नाही, असे १९८३ चा धर्मविधिसंग्रह सांगतो. जे मोडलेले नाही ते पुन्हा जोडावयाचे नसते. म्हणून चाळिसाव्या वर्षी दुसरे लग्न लागत नाही आणि संस्कारही पुन्हा होत नाही. नवे होते ते स्मरण आणि निश्चय. पास्काच्या जागरणविधीत आपण सर्व बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली सुधारलेल्या विधीत हा भाग घातला. म्हणून काही आपला पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. आम्ही धर्मगुरूही दरवर्षी पवित्र सप्ताहात, तैलाशीर्वादाच्या मिस्सामध्ये, आमच्या बिशपांसमोर दीक्षेच्या दिवशीची बांधिलकी पुन्हा बोलून दाखवितो. पोप सहावे पॉल यांच्या काळात, १९७० साली, ही प्रथा सुरू झाली. आम्ही स्वतः इतकी वर्षे हे करीत आलो आहोत, आणि त्याच गोष्टीसाठी आलेल्या दाम्पत्याला आम्ही परत पाठविले होते!

ख्रिस्तसभेने तर यासाठी प्रार्थनाही सिद्ध ठेवल्या आहेत. १९८४ च्या आशीर्वादविधीच्या ग्रंथात विवाहाच्या वाढदिवशी दाम्पत्याला द्यावयाचा आशीर्वाद मिस्सामध्ये आणि मिस्साबाहेर अशा दोन्ही प्रकारे दिला आहे. विवाहविधीच्या १९९० च्या सुधारित आवृत्तीतही तो जोडलेला आहे. त्यात दोघेजण प्रथम मौनात आपला निश्चय प्रभूपुढे नवा करतात. मग प्रत्येकजण या जोडीदाराबद्दल देवाचे आभार मानतो. संमतीचा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याची जागा कृतज्ञतेने घेतली आहे.

विवाह संस्कार अन्य ठिकाणी करावयाचा तर बिशपांची अनुमती लागते. मिस्साचीही जागा सामान्यतः पवित्र वास्तूच आहे. परंतु मिस्साबाहेरचा हा आशीर्वाद अंगणात द्यावयास कोणतीच अडचण नव्हती. आम्ही दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि त्या घरी जाऊन क्षमा मागितली.

मग बेत आखला. तो इतिहासाने आखून दिला, असेच म्हणावे लागेल. सकाळी चर्चमध्ये रविवारची मिस्सा, तिच्यात दोघांसाठी प्रार्थना. सायंकाळी ऊन उतरल्यावर अंगणात आशीर्वादविधी. जुनी नोंदवही उघडून साक्षीदारांची नावे शोधली. एक जण हयात होते. दुसऱ्यांच्या जागी त्यांचा मुलगा उभा राहावा असे ठरले. निमंत्रण शेजाऱ्यांना प्रथम, कारण या संसाराचे खरे साक्षीदार तेच. ध्वनिक्षेपक नको; सर्वांनी ऐकू येईल इतके जवळ उभे राहावे. वाऱ्यात मेणबत्त्या टिकत नाहीत म्हणून कंदील. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. शुभवर्तमान काना गावच्या लग्नाचे. तेही कोणाच्या तरी घरी, सोयऱ्याधायऱ्यांतच घडले होते आणि द्राक्षारस संपल्याची लाज झाकली गेली होती. फोटो नंतर. आणि आभाराचे शब्द दोघांनी आपल्या बोलीत, आपणच जुळवून बोलावेत. छापील कागद नको.

त्या संध्याकाळी दोघे विहिरीजवळ क्रूसासमोर उभे राहिले. तिची अंगठी सुजलेल्या बोटात शिरत नव्हती. ती तिने तळहातावर धरली आणि आम्ही तिथेच प्रार्थना केली. तो गृहस्थ फार बोलला नाही. मी नव्हतो तेव्हा तू होतीस, यासाठी देवाचे आभार, एवढेच त्याने म्हटले. ती मात्र सावकाश बोलली, प्रत्येक शब्द स्वतःला ऐकू यावा अशा रीतीने. दोन सुनांनी डोळ्यांना पदर लावला. कुंपणापलीकडची एक हिंदू शेजारीण, जिने सासूच्या आजारपणात रात्री जागविल्या होत्या, ती सर्वांत पुढे उभी होती.

विधी आटोपल्यावर माउलीने विचारले, "फादर, वहीत लिहायचं ना?" आम्ही सांगितले की वहीतील नोंद एकदाच होते, आणि ती चाळीस वर्षांपूर्वी झाली आहे, शाई अजून स्वच्छ आहे.

ज्या कुटुंबांत पंचवीस, चाळीस, पन्नास वर्षांचे वाढदिवस जवळ आले असतील, त्यांना आमची विनंती आहे. जेवणावळीचा आणि सभागृहाचा विचार करण्यापूर्वी आपल्या चर्चमध्ये जाऊन ती नोंद एकदा पाहा, साक्षीदारांची नावे वाचा आणि त्यांपैकी जे हयात असतील त्यांना प्रथम भेटा. पुढचा बेत धर्मगुरूंशी बोलून ठरवा. आणि त्यांनी आमच्यासारखाच पहिल्या भेटीत नकार दिला, तर हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवून या.